प्रायमरीच्या मतदारांचा अभ्यास: तुलना कोणाशी करायची ते आधी ठरवा

“अमेरिकेत प्रायमरीला कट्टर मतदारच येतात, म्हणून दोन्ही पक्ष टोकाला गेले.” प्रबंधाच्या आराखड्यांत हे वाक्य मी इतक्या वेळा वाचले आहे की आता ते दिसले की आधी पेन्सिल काढतो आणि त्याचे तीन तुकडे करतो. ते एक विधान नाहीच. प्रायमरीला, म्हणजे नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीआधी पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाला, येणारा मतदार वेगळा असतो, हे पहिले. तो वेगळा असल्यामुळे वेगळा उमेदवार निवडतो, हे दुसरे. आणि त्या उमेदवारामुळे, किंवा नुसत्या त्या मतदाराच्या धास्तीमुळे, अमेरिकी काँग्रेसमधली, म्हणजे तिथल्या संसदेतली, दोन पक्षांतली दरी रुंदावते, हे तिसरे. तिन्हींना पुरावा वेगळा लागतो. पहिल्याचा पुरावा गोळा करायचा आणि निष्कर्ष तिसऱ्याचा लिहायचा, ही या विषयातली सर्वांत मोठी चूक.

खालचा क्रम राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी, डेटावर काम करणाऱ्या पत्रकारांसाठी आणि अमेरिकेत शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींसाठी आहे. पायऱ्या उलटसुलट करू नका. डेटा आधी उतरवून मग प्रश्न शोधायला गेलात तर तिसऱ्या आठवड्यात अडकाल.

## तयारी: बसण्यापूर्वी

आपल्याकडे प्रायमरी नाही, त्यामुळे मनात नकळत ‘तिकीटवाटप’ येते. ते आधी काढून टाका. २०१४ च्या लोकसभेपूर्वी आपल्याकडच्या काँग्रेस पक्षाने मोजक्या मतदारसंघांत ‘प्रायमरी’ घेऊन पाहिली होती, पण तिथे मत होते पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना. अमेरिकेत सामान्य मतदार सरकारी मतदान केंद्रावर जाऊन पक्षाचा उमेदवार ठरवतो, आणि पक्षश्रेष्ठींना तो निकाल मुकाट्याने मानावा लागतो. सगळा अभ्यास या एका फरकावर उभा आहे.

मग व्याप्ती आवळा. अध्यक्षपदाची प्रायमरी आणि प्रतिनिधिगृहाची (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची) प्रायमरी एकाच अभ्यासात घेऊ नका. अध्यक्षपदाची मते राज्याराज्यांतून महिनोन्महिने पडत जातात, मधेच उमेदवार माघार घेतात, आणि विद्यमान अध्यक्ष पुन्हा उभा असेल तर त्याच्या पक्षात सहसा चुरसच उरत नाही. ध्रुवीकरणावर, म्हणजे दोन पक्ष एकमेकांपासून दूर जाण्यावर, बोलायचे असेल तर प्रतिनिधिगृह बरे: ४३५ जागा, दर दोन वर्षांनी निवडणूक, आणि सदस्यांच्या मतदानाची नोंद खुली.

पहिल्या अभ्यासाला दोन राज्ये आणि दोन-तीन निवडणुका पुरतात. पन्नास राज्यांचा आराखडा घेऊन येणाऱ्याला मी परत पाठवतो.

साधनांबद्दल एकच सूचना: मतदार फाइल (राज्याने ठेवलेली नोंदणीकृत मतदारांची यादी) एक्सेलमध्ये उघडू नका. एक्सेलच्या एका पानात १०,४८,५७६ ओळी मावतात. एकट्या नॉर्थ कॅरोलिनात नोंदणीकृत मतदार ७० लाखांहून अधिक आहेत. उरलेल्या ओळी कापल्या जातात आणि तुम्ही कापलेल्या फाइलवरच महिनाभर काम करता. आर किंवा पायथन या संगणकीय भाषा वापरा.

सावध: मतदार फाइलमध्ये खऱ्या माणसांची नावे आणि पत्ते असतात. फाइल कोणाला मिळते आणि कशासाठी वापरता येते याचे नियम प्रत्येक राज्यात निराळे आहेत. विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी आधी घ्या. नाव-पत्त्याचे कॉलम पहिल्याच दिवशी वेगळे काढून ठेवा, आणि फाइल सामायिक ड्राइव्हवर टाकू नका.

## पायरी १: प्रश्न एका ओळीत लिहा

वरच्या तीन विधानांपैकी एकच निवडा. ओळ अशी हवी: “नॉर्थ कॅरोलिनात २०१८ आणि २०२२ च्या प्रायमरीत मत दिलेले रिपब्लिकन मतदार, त्याच वर्षी फक्त नोव्हेंबरमध्ये मत दिलेल्या रिपब्लिकनांपेक्षा वयाने आणि वंशाने किती वेगळे होते?” ओळीत राज्य, वर्ष, पक्ष, कोण आणि कोणाच्या तुलनेत हे सगळे आले पाहिजे. ‘कोणाच्या तुलनेत’ हे शब्द नव्वद टक्के आराखड्यांत नसतात. ही टक्केवारी माझ्या वैतागाची आहे, मोजलेली नाही.

तपासा: तुमच्या ओळीत ‘परिणाम’, ‘प्रभाव’ किंवा ‘मुळे’ असा शब्द आला का? आला असेल तर तुम्ही दुसऱ्या किंवा तिसऱ्या विधानात आहात आणि पायरी ६ टाळता येणार नाही.

## पायरी २: राज्याच्या नियमांचा तक्ता करा

प्रायमरी बंद, खुली, अर्धबंद आणि टॉप-टू असे चार कप्पे करून पन्नास राज्ये त्यांत टाकली की झाले, अशी समजूत असते. कप्प्यांचे नाव पुरेसे नाही. एकाच कप्प्यातली दोन राज्ये व्यवहारात दोन टोकांना असू शकतात.

न्यूयॉर्क आणि वायोमिंग घ्या. दोन्हीकडे कागदावर बंद प्रायमरी: त्या पक्षात नोंदणी असेल तरच मत. न्यूयॉर्कमध्ये जून २०१८ ला नवख्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्तेझ यांनी आपल्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे विद्यमान खासदार जो क्राउली यांना हरवले, तेव्हा आधीच नोंदलेल्या मतदाराला पक्ष बदलण्याची मुदत आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरातच संपली होती. निवडणूक रंगात आल्यावर जागा झालेला अपक्ष (कोणत्याच पक्षात न नोंदलेला) मतदार घरीच बसला. वायोमिंगमध्ये ऑगस्ट २०२२ ला रिपब्लिकन खासदार लिझ चेनी हरल्या, तेव्हा तिथे मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन पक्ष बदलता येत होता, आणि कितीतरी डेमोक्रॅटांनी चेनींना मत देण्यासाठी तसे केलेही. (तरी चेनींना २९ टक्क्यांच्या आसपासच मते पडली.) ती वाट २०२३ च्या कायद्याने बंद झाली. म्हणजे वायोमिंग २०२२ आणि वायोमिंग २०२४ या तुमच्या तक्त्यात दोन वेगळ्या ओळी हव्यात.

टेक्सास, व्हर्जिनिया आणि मिशिगनमध्ये पक्षनोंदणीच नाही. कोणत्या पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचे ते मतदार त्या वेळी स्वतः ठरवतो (ही खुली). नॉर्थ कॅरोलिनात पक्षात नोंदलेल्याला आपल्याच पक्षाची मतपत्रिका मिळते, पण कोणत्याच पक्षात न नोंदलेला कोणतीही एक निवडू शकतो (ही अर्धबंद). आणि २०२२ पासून तिथे हाच गट सर्वांत मोठा आहे. कॅलिफोर्नियात २०१२ पासून आणि वॉशिंग्टन राज्यात २००८ पासून सगळे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात. पहिले दोघे, पक्ष कोणताही असो, नोव्हेंबरला जातात (ही टॉप-टू). अलास्कात २०२२ पासून पहिले चौघे जातात आणि नोव्हेंबरला पसंतीक्रमाने मत पडते. लुइझियानाने २००८ आणि २०१० ला काँग्रेससाठी पक्षांची प्रायमरी घेतली, मग बरीच वर्षे पुन्हा जुन्या, सगळे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असण्याच्या पद्धतीवर होते. अशी राज्ये अभ्यासाला सोन्यासारखी असतात, पण वर्ष चुकले की सगळेच फसते.

तक्त्यात किमान एवढे कॉलम ठेवा: राज्य, वर्ष, पक्ष, मत कोणाला, पक्ष बदलण्याची शेवटची तारीख, त्याच दिवशी अध्यक्षपदाची प्रायमरी होती का, पन्नास टक्के न मिळाल्यास दुसरी फेरी आहे का, आणि त्या जागेवर एकाहून अधिक उमेदवार होते का.

शेवटचा कॉलम हमखास विसरला जातो. कितीतरी जागांवर प्रायमरीत एकच उमेदवार असतो. तिथे गेलेला मतदार राज्यपालपदासाठी किंवा शेरीफसाठी (स्थानिक पोलीस प्रमुखासाठी) गेलेला असतो. त्याने खासदार ‘निवडला’ म्हणणे चूक. अध्यक्षपदाचा कॉलमही हलका धरू नका. कॅलिफोर्नियात २०२२ ची प्रायमरी जूनमध्ये होती, २०२४ ची मार्चमध्ये अध्यक्षपदाच्या प्रायमरीसोबत. या दोन दिवशी आलेली माणसे सारखी नव्हेत, आणि या फरकाचा ध्रुवीकरणाशी काही संबंध नाही.

तपासा: नियम राज्याच्या निवडणूक कार्यालयाच्या पानावर, त्या वर्षाच्या पत्रकात वाचा. आजचे पान आजचे नियम सांगते. काही राज्यांत अपक्षांना मत द्यायचे की नाही हे पक्ष स्वतः ठरवतो, म्हणून एकाच राज्यात एकाच दिवशी दोन पक्षांची दारे वेगवेगळी उघडी असू शकतात.

## पायरी ३: तुलनेचा गट ठरवा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवा.

समजा, विचारसरणी १ (अति उदारमतवादी) ते ७ (अति पुराणमतवादी) अशी मोजली. पुढचे आकडे काल्पनिक आहेत, फक्त युक्ती दाखवायला घेतले आहेत. एका राज्यात रिपब्लिकन प्रायमरीच्या मतदारांची सरासरी ५.७ आली. नोव्हेंबरला मत दिलेल्या सगळ्यांची ४.२. नोव्हेंबरला रिपब्लिकन उमेदवाराला मत दिलेल्यांची ५.५. स्वतःला रिपब्लिकन म्हणवणारे पण कधीच मत न देणारे, ५.३.

आता बातमी कोणती? पहिल्या तुलनेत फरक दीड अंकांचा: “प्रायमरीचे मतदार टोकाचे!” दुसऱ्यात ०.२ चा: “प्रायमरीचे मतदार पक्षाच्या इतर मतदारांसारखेच.” डेटा एकच, मथळे दोन. दीड अंकातला मोठा भाग फक्त एवढाच सांगतो की रिपब्लिकन हे डेमोक्रॅटांपेक्षा उजवे असतात, आणि ते कळायला अभ्यास लागत नाही.

गंमत अशी की तिन्ही तुलना आपापल्या जागी बरोबर आहेत. प्रायमरी ऐवजी पक्षाच्या सगळ्या नोव्हेंबर मतदारांनी उमेदवार निवडला असता तर काय झाले असते, हा प्रश्न असेल तर दुसरी तुलना घ्या. सगळ्या जागेचा मध्यम मतदार आणि पक्षाचा प्रायमरी मतदार यांच्यात उमेदवाराची किती ओढाताण होते, हा प्रश्न असेल तर पहिली. मत न देणाऱ्यांना बाहेर आणले तर काय होईल, असे विचारत असाल तर तिसरी. या विषयावरच्या अभ्यासांत कुठे फरक किरकोळ निघतो, कुठे ठळक. बराचसा वाद या निवडीचा आहे. म्हणून दुसऱ्याचा निष्कर्ष उद्धृत करताना त्याने तुलना कोणाशी केली हे त्याच वाक्यात लिहा.

सावध: देणगीदार, कार्यकर्ते आणि प्रायमरीचे मतदार हे तीन वेगळे गट आहेत. सभांना जाणारा, महिन्याला पैसे पाठवणारा माणूस पाहून प्रायमरीचा मतदार कसा असेल याचा अंदाज बांधू नका. गेल्या काही मध्यावधी (अध्यक्षपदाची निवडणूक नसलेल्या) निवडणुकांच्या वर्षांत मतदानास पात्र असलेल्यांपैकी साधारण पाचवा हिस्सा प्रायमरीला गेला. हे थोडे आहेत, पण एवढे सगळे कार्यकर्ते नसतात.

## पायरी ४: मत खरेच दिले का, ते नोंदीतून घ्या

“तुम्ही प्रायमरीत मत दिले का?” असे विचारले की लोक हो म्हणतात. काही खोटे बोलतात, अधिक जण विसरलेले असतात, आणि काहींना नोव्हेंबर व प्रायमरी यांतला फरकच आठवत नाही. जो ‘हो’ म्हणतो पण गेलेला नसतो, तो सहसा राजकारणात रस घेणाराच असतो. म्हणजे चूक एकाच दिशेने झुकते आणि प्रायमरीचा मतदार आहे त्याहून अधिक पक्का दिसू लागतो.

उपाय दोन.

पहिला, पडताळणी झालेला सर्व्हे. कोऑपरेटिव्ह इलेक्शन स्टडी हा सर्व्हे मोफत उतरवता येतो. २०२० आणि २०२२ च्या फेऱ्यांत साठ हजारांच्या आसपास माणसे आहेत, आणि प्रत्येकाचे उत्तर मतदार फाइलशी जुळवून कोणत्या निवडणुकीत मत दिले हे स्वतंत्र कॉलममध्ये दिलेले असते. इथे तीन खड्डे आहेत.

एक: अध्यक्षपदाची प्रायमरी आणि इतर प्रायमरी यांचे कॉलम वेगळे असतात. नाव जवळजवळ सारखे असल्याने चुकीचा उचलला जातो. माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय कॉलम घेऊ नका.

दोन: जी व्यक्ती फाइलशी जुळलीच नाही तिला ‘मत दिले नाही’ धरायचे की वगळायचे? दोन्ही करून पाहा आणि दोन्ही आकडे छापा. नुकतेच घर बदललेले आणि तरुण मतदार जुळत नाहीत, त्यामुळे हा निर्णय वयाच्या आकड्यांवर थेट उमटतो.

तीन: साठ हजार ऐकायला मोठे वाटते, पण ४३५ जागांत वाटले की जागेमागे सुमारे १३८. त्यातला पाव हिस्सा प्रायमरीला गेला असे धरले तर पस्तीसच्या आत, दोन पक्षांत विभागला तर सतरा-अठरा. सतरा माणसांवरून एका मतदारसंघाचा ‘प्रायमरी मतदार’ रंगवणारे प्रबंध मी पाहिले आहेत. राज्याच्या किंवा देशाच्या पातळीवर राहा.

तपासा: वजन (नमुना खऱ्या लोकसंख्येशी जुळवणारा गुणक) लावल्यावर सर्व्हेतला प्रायमरी मतदानाचा टक्का राज्याच्या अधिकृत टक्क्याशी ताडून पाहा. ऑनलाइन घेतलेल्या अशा सर्व्हेत राजकारणाची आवड असलेले जास्त येतात, म्हणून तुमचा आकडा वरच निघेल. किती वर, ते लिहून ठेवा. पडताळलेल्या मतदारांसाठी वेगळे वजन दिलेले असते. ते वापरले की नाही हे पुन्हा बघा.

दुसरा उपाय, मतदार फाइल. नॉर्थ कॅरोलिना सुरुवातीला उत्तम: नोंदणीची फाइल आणि मतदानाच्या इतिहासाची फाइल, दोन्ही फुकट. वंश आणि वय मतदाराने स्वतः नोंदवलेले, आणि प्रायमरीत कोणत्या पक्षाची मतपत्रिका घेतली तेही लिहिलेले. जोडणी मतदार क्रमांकावर करा, नावावर कधीही नाही.

फाइलमध्ये विचारसरणी नसते, एवढे लक्षात असू द्या. ‘कट्टर’ हा शब्द या फाइलवरून लिहिता येत नाही. वय, वंश, लिंग, वस्ती आणि किती नियमित मत देतो, एवढेच.

तिचा घातक दोष मात्र निराळा. आज उतरवलेली फाइल आजची असते. २०१८ ला मत देऊन नंतर राज्य सोडून गेलेला किंवा वारलेला माणूस तिच्यात नसेल. ज्याने मधल्या काळात पक्ष बदलला त्याचा पक्ष आजचा दिसेल. मग २०१८ चे मतदार आहेत त्याहून स्थिर आणि पक्षनिष्ठ भासतात, आणि तुम्ही आनंदाने ‘ध्रुवीकरण’ लिहिता. त्या काळातली जुनी प्रत घ्या. नॉर्थ कॅरोलिना अशा जुन्या प्रती ठेवते.

तपासा: इतिहासाच्या फाइलमधून मोजलेले मतदार आणि त्या दिवशीचा अधिकृत एकूण आकडा शेजारी मांडा. तूट मोठी निघाली तर पुढे जाऊ नका, जुनी प्रत शोधा.

सावध: जिथे पक्षनोंदणी नाही तिथे खाजगी कंपन्यांच्या फाइलमध्ये पक्ष ‘अंदाजाने’ भरलेला असतो. तो अंदाज बहुतेकदा त्या माणसाने आधी कोणत्या प्रायमरीत मत दिले यावरूनच बांधतात. मग प्रायमरीचे मतदार ‘जास्त पक्के’ निघणारच. तुम्ही घातलेलेच परत काढलेत. जून २०१४ मध्ये व्हर्जिनियात प्रतिनिधिगृहातले रिपब्लिकनांचे नेते एरिक कँटर प्रायमरीत हरले, तेव्हा पलीकडच्या पक्षाच्या लोकांनी येऊन त्यांना पाडले असा दावा झाला. तो तपासायला निघालेल्यांची पहिली अडचण हीच होती, की व्हर्जिनियात ‘पलीकडचा’ कोण हे कुठल्याही सरकारी कागदावर लिहिलेले नसते. ती लढत साधारण ६५ हजार मतांची होती आणि फरक सात हजारांच्या वर. किती जण पलीकडून आले असतील याचा अंदाज करण्यापूर्वी निकाल फिरवायला किती लागले असते, हे गणित आधी मांडा.

## पायरी ५: टोकाचेपण कशाने मोजणार?

मतदारांसाठी तीन मापे चालतात. स्वतःला सात पायऱ्यांवर कुठे ठेवता, धोरणांवरच्या दहा-वीस प्रश्नांची उत्तरे काय, आणि समोरच्या पक्षाबद्दल किती चीड आहे. ही तीन एकमेकांची पर्यायी मापे नाहीत. माणूस करांच्या प्रश्नावर मवाळ आणि समोरच्या पक्षावर जहाल असू शकतो. एकच निवडा, किंवा तिन्ही वेगवेगळी दाखवा. सरासरी काढून एक ‘ध्रुवीकरण निर्देशांक’ बनवू नका.

धोरणांच्या प्रश्नांत आणखी एक फसगत आहे. एक मतदार सगळ्या बेकायदा स्थलांतरितांना देशाबाहेर काढा म्हणतो आणि त्याच दमात श्रीमंतांवर जबर कर लावा म्हणतो. दोन टोकाची मते, सरासरी मात्र मधोमध. सरासरी मधली निघाली म्हणून माणूस मवाळ ठरत नाही. उलट प्रायमरीचा मतदार अनेकदा फक्त अधिक सुसंगत असतो: सगळी उत्तरे पक्षाच्या बाजूची, पण प्रत्येक उत्तर बेताचे. तो ‘अधिक टोकाचा’ दिसतो, असतो ‘अधिक एकसुरी’. दोन्ही शक्यता वेगळ्या मोजा.

उमेदवारांसाठी बहुतेक जण डीडब्ल्यू-नॉमिनेट घेतात. सभागृहातल्या मतदानावरून उणे एक (डावे टोक) ते अधिक एक (उजवे टोक) असा अंक, आणि व्होटव्ह्यू या संकेतस्थळावर सगळा डेटा खुला. पण जो कधी निवडूनच आला नाही त्याला अंक नाही, म्हणजे प्रायमरी हरलेले बहुतेक उमेदवार तुमच्या अभ्यासातून गायब. शिवाय हा अंक कोण कोणासोबत मत देतो ते मोजतो, का देतो ते नाही. ओकासिओ-कॉर्तेझ यांचा अंक त्यांना पक्षाच्या मध्याकडे नेऊन बसवतो, कारण त्या काही वेळा पक्षाच्या विधेयकाविरुद्ध, रिपब्लिकनांच्या रांगेत मत देतात. रांग एक, पण त्यांची कारणे डावीकडची आणि रिपब्लिकनांची उजवीकडची. अंक निघाल्यावर वरचे आणि खालचे दहा सदस्य नावानिशी वाचा. ओळखीचे नाव विचित्र जागी बसलेले दिसले तर थांबा.

हरलेल्यांसाठी देणगीदारांवरून काढलेले सीएफस्कोर वापरतात. डेमोक्रॅट कोण, रिपब्लिकन कोण हे ते चांगले सांगतात. एकाच पक्षातले दोघे एकमेकांपासून किती दूर, हे सांगताना ते कच्चे पडतात. आणि प्रायमरीत तर दोघे एकाच पक्षाचे असतात.

## पायरी ६: ‘मुळे’ लिहायचे असेल तर

काळाची परीक्षा. बहुतेक राज्यांत प्रायमरी शंभर वर्षांच्या आसपास आहे. काँग्रेसमधली दरी १९७० च्या दशकापासून रुंदावत गेली. जी गोष्ट तेवढीच राहिली तिने वाढ कशी घडवली? उत्तर असू शकते: प्रायमरीचा मतदार बदलला, पैशाचे मार्ग बदलले, दोन्ही पक्षांना मते देणारे प्रदेश कमी झाले. पण मग ‘काय बदलले’ हे मोजा. ‘प्रायमरी आहे’ एवढ्याने भागणार नाही.

नियमबदलाची परीक्षा. कॅलिफोर्नियाने टॉप-टू आणले, आधी-नंतर पाहू, ही पहिली कल्पना सगळ्यांना सुचते. पण २०१२ मध्ये तिथे आणखी काय झाले? नागरिकांच्या आयोगाने आखलेले नवे मतदारसंघ त्याच निवडणुकीत पहिल्यांदा वापरले गेले. त्याच जूनमध्ये राज्याच्या आमदारांच्या कार्यकालमर्यादेचा नियमही मतदारांनी बदलला. आता मवाळपणा वाढला तर श्रेय कोणाला? किमान एक असे राज्य शेजारी ठेवा जिथे मतदारसंघ बदलले पण प्रायमरी तीच राहिली. आणि नियम बदललेली राज्ये तीन-चारच असतील तर हजारो आमदारांचे निरीक्षण हे हजारो पुरावे नव्हेत, तीन-चारच आहेत. प्रमाणत्रुटी (अंदाज किती अनिश्चित याचे माप) राज्याच्या पातळीवर काढा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सगळ्या राज्यांच्या विधिमंडळांवरच्या एका मोठ्या अभ्यासाला प्रायमरी किती खुली याचा आमदारांच्या टोकाचेपणावर फारसा परिणाम दिसला नव्हता. तुमच्या एका राज्यात मोठा परिणाम निघाला तर आधी स्वतःचा कोड तपासा.

सोयीची उदाहरणे. १३ जानेवारी २०२१ ला ट्रम्प यांच्यावर महाभियोग चालवावा म्हणून मत देणारे रिपब्लिकन प्रतिनिधी दहा. चौघे पुन्हा उभेच राहिले नाहीत, चौघे प्रायमरीत हरले, दोघे वाचले. वाचलेले दोघे, डेव्हिड व्हलडाओ आणि डॅन न्यूहाऊस, अनुक्रमे कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टनचे. दोन्ही टॉप-टू! इथे लेख लिहायला बसू नका. त्या दहांपैकीच, वॉशिंग्टनच्या हायमी हेरेरा ब्यूटलर त्याच पद्धतीत तिसऱ्या आल्या आणि बाहेर पडल्या. न्यूहाऊस साधारण पाव मतांवर पुढे गेले, कारण विरोधात उमेदवारांची गर्दी होती. हरलेल्यांपैकी दोघे मिशिगन आणि साउथ कॅरोलिनाचे, जिथे पक्षनोंदणीच नाही आणि प्रायमरी कोणालाही खुली. दहा जणांवरून पद्धतीचा गुण ठरत नाही. फार तर पुढचा प्रश्न सुचतो.

मतविभागणीची वाट नेहमी वेगळी तपासा. आपल्या बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार ऑगस्ट २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या जागेवर डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकले ती नऊ उमेदवारांत, सुमारे २८ टक्के मतांवर. जागा पक्षाला सुरक्षित, त्यामुळे नोव्हेंबर औपचारिक. इथे निकाल मतदारांच्या विचारसरणीने ठरला की उरलेली बहात्तर टक्के मते आठ जणांत विखुरल्याने? तुमच्या डेटात ‘किती उमेदवार’ हा कॉलम नसेल तर हा प्रश्न विचारताच येणार नाही.

चुरशीच्या लढतींची परीक्षा. एक टोकाचा आणि एक मवाळ उमेदवार यांच्यात अगदी थोड्या फरकाने लागलेल्या प्रायमरी वेगळ्या काढा; कोण जिंकले हे जवळपास नाणेफेकीसारखे असते. प्रतिनिधिगृहाच्या १९८० ते २०१० च्या निवडणुकांवर असे करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, टोकाचा उमेदवार निसटता जिंकला तर नोव्हेंबरला पक्षाच्या मतांत सरासरी ९ ते १३ टक्केबिंदूंची घट दिसली. मागच्याच उदाहरणात बघा: हेरेरा ब्यूटलर आणि मिशिगनचे पीटर मायर यांना मागे टाकणारे दोघे नोव्हेंबरला हरले आणि जागा डेमोक्रॅटांकडे गेल्या. म्हणजे प्रायमरीत टोकाचा जिंकला की काँग्रेस तेवढीच टोकाला गेली, हे सरळ गणित चालत नाही. जागा सुरक्षित की चुरशीची, हे पाहून दोन वेगळे निकाल काढा.

भीतीची परीक्षा. ही सर्वांत अवघड. विद्यमान सदस्य प्रायमरीत हरतात ते मूठभर. म्हणून प्रभाव नाही? एकाला पडलेले पाहून बाकीचे आपसूक सावध होतात. मत देताना, तडजोड नाकारताना. हा प्रभाव निकालात दिसणार नाही, वागण्यात दिसेल. अर्ज भरण्याच्या मुदतीआधी आणि नंतर, आव्हान मिळालेल्या आणि न मिळालेल्या सदस्यांची मते ताडून पाहा. जमल्यास राज्य पातळीवरच्या आमदारांशी बोला; ते वॉशिंग्टन डीसीतल्या खासदारांपेक्षा सहज भेटतात. “प्रायमरीची भीती वाटते का?” असे विचारू नका, नाही म्हणतील. “या विधेयकावर मतदारसंघातून कोणाचे फोन आले?” असे विचारा.

## पायरी ७: लिहिताना

प्रत्येक तक्त्याखाली तुलनेचा गट लिहा. ‘प्रायमरीचे मतदार’ असे मोघम न म्हणता वर्ष आणि राज्य द्या. फरकाचा आकार लिहा. नुसते ‘लक्षणीय फरक’ लिहिले की वाचक त्याला मोठा फरक समजतो, आणि साठ हजारांच्या सर्व्हेत नगण्य फरकही संख्याशास्त्राच्या अर्थाने लक्षणीय, म्हणजे योगायोगाचा नसलेला, ठरतो.

मग कोड आणि नाव-पत्ते काढलेला डेटा विषय न जाणणाऱ्या मित्राला द्या. त्याने फक्त पायरी ३ मधल्या तुलनेचा तक्ता पुन्हा काढायचा. त्याचा आणि तुमचा आकडा वेगळा आला तर नव्वद टक्के वेळा (हाही वैतागाचाच आकडा) न जुळलेल्या मतदारांना एकाने वगळलेले असते आणि दुसऱ्याने शून्य धरलेले असते.